नव्याला उपरणं मिळतं का?

पावसाळा सरला होता आणि विहारात चीवरदानाचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी गावातले लोक भिक्षूंना नवी वस्त्रे देत. सोमिल नावाचा एक भिक्षू नुकताच संघात आला होता. झाडलोट करताना, भिक्षेला जाताना तो ज्याला त्याला हळूच विचारी, "नव्यांना मिळतं का हो?" वस्त्रांचे कोठार उत्तरक स्थविरांकडे होते. त्यांना तर त्याने इतके भंडावले, की तो दिसला की ते खांबाआड होत. कुजबुज संघाचे गुरू असलेल्या शास्त्यांच्या कानी गेली. ते हसून म्हणाले, "ही चौकशी त्याने आज पहिल्यांदा केलेली नाही." आणि सगळे बसल्यावर त्यांनी मागच्या जन्माची हकीकत सांगितली.

गोदावरीकाठी प्रतिष्ठान नगरीवर अश्मकराजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्मले आणि पुढे बलाहक श्रेष्ठीच्या रंगशाळेत मुख्य रंगारी झाले. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि बोलणे थोडे होते.

या रंगशाळेतून कार्तिकी पौर्णिमेच्या सणाला कामकऱ्यांना लाल उपरणे मिळे. उपरणे काही फार भारी नव्हते हो, पण गावात त्याला मान होता. ते ज्याच्या खांद्यावर, तो पोटापाण्याला एका जागी लागला असे लोक धरून चालत. मुलीचे बाप आधी खांदा बघत, मग तोंड.

पुण्णक नावाचा तरुण त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला कामाला लागला. याआधी त्याने कुंभाराकडे मडकी फोडली होती, नावाड्याकडे नाव बुडवली होती. शेवटी सासऱ्याने आपली मुलगी उप्पला माहेरी नेली आणि बजावले, "बलाहकाकडचं लाल उपरणं घालून सणाला या, जावईबापू, आणि बायकोला घेऊन जा. नाहीतर एकटेच जेवून परत जा."

आता पुण्णकाला झोप कुठली. त्याने दारावरच्या रखवालदाराला विचारले, "काका, नव्यांना मिळतं का उपरणं?"

"मला वाटतं मिळतं," रखवालदार म्हणाला. "पण मला वाटून काय उपयोग? ते मालकाला वाटलं पाहिजे."

मग त्याने लाकडे फोडणाऱ्या भद्दा आजीला विचारले. ती म्हणाली, "उपरण्याचं माहीत नाही रे. खीर मात्र सगळ्यांना मिळते. गेल्या वर्षी करपली होती."

"आजी, खीर खांद्यावर घालून सासरी कसा जाऊ?"

शेवटी तो बोधिसत्त्वांकडे गेला. त्यांनी कढईतले कापड परतत सगळे ऐकून घेतले, उप्पलाची हकीकतही ऐकली. मग म्हणाले, "इथे जुन्यांना मिळतं, बाळा."

"आणि जुना कोण?"

"सणाच्या आदल्या दिवशी घाटावर सगळे रिठ्याने हात धुतात. ज्याचा रंग गेला तो नवा. राहिला तो जुना. मालकाच्या आजोबांपासूनची रीत आहे."

पुण्णकाने आपले हात पाहिले. नव्या माणसाने कापड बिघडवू नये म्हणून त्याला रंगाजवळ फिरकू देत नसत. तो दिवसभर नदीचे पाणी वाहून आणी. त्यामुळे त्याचे हात रंगशाळेत सर्वांत स्वच्छ होते. या हिशेबाने तो म्हातारा झाला तरी नवाच राहिला असता.

धुण्याच्या दिवशी सकाळी सगळे घाटाकडे निघाले, तेव्हा पुण्णक मागे रेंगाळला. एका हौदावर तांबूस चकाकणारा फेस दाटला होता. हाच तो लाल रंग, असे समजून त्याने दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले. हात बाहेर काढले तर हिरवट. तो घाबरून बघत राहिला, आणि बघता बघता हिरव्याचे निळे झाले. फेस तांबूस दिसतो, पण तो हौद निळीचा असतो, हे रंगाऱ्याच्या घरचे शेंबडे पोरही जाणते. पुण्णकाला कोण सांगणार? तेवढ्यात मालकाची पांढरी शेळी फेस चाटायला आली. त्याने तिला ढकलले, आणि तिच्या पाठीवर पाच बोटांचा निळा पंजा उमटला.

घाटावर बलाहक श्रेष्ठी पाटावर बसून एकेकाचे हात बघत होता. माणूस तसा वाईट नव्हता. पण देताना त्याच्या पोटात कळ येई, आणि रीत आजोबांची असल्याने ती कळ त्याला धर्मासारखी वाटे. पुण्णकाने हात पुढे केले.

"हे काय?"

"हात, मालक."

"निळे आहेत."

"पण जात नाहीत. तीनदा घासले." आणि त्याने पुन्हा घासून दाखवले.

घाटभर हशा पिकला. मागून शेळीही आली. श्रेष्ठीने तिची पाठ धोतराच्या सोग्याने पुसली, थुंकी लावून पुसली. पंजा जाईना.

"मालक," भद्दा आजी म्हणाली, "रितीनं बघायला गेलं तर शेळीही जुनी झाली."

श्रेष्ठी लाल झाला. "शेळीला नाही आणि यालाही नाही. लबाडीचा रंग मी धरत नाही. हा नवाच."

पुण्णक बाजूला जाऊन हात काखेत धरून बसला. त्याचे तोंड पाहून हसणारे गप्प झाले.

बोधिसत्त्वांनी पाण्याचा तांब्या उचलला. "मालक, दान देण्याआधी दात्याने हात धुवायचे असतात."

हे श्रेष्ठीला पटले. त्याने हात पुढे केले, बोधिसत्त्वांनी पाणी घातले. हात निघाले धुतलेल्या तांदळासारखे. सगळ्यांनी पाहिले. श्रेष्ठीनेही पाहिले, आणि त्याची नजर हळूच आपल्या खांद्यावरच्या लाल उपरण्याकडे गेली. रीत आजोबांची, ती मोडवेना. त्याने उपरणे काढले आणि घडी करून मांडीवर ठेवले. सणाच्या तोंडावर भर घाटावर मालक उघड्या खांद्याने बसला. आता हसण्याची कोणाची छाती नव्हती.

बोधिसत्त्वांनी आपले उपरणे नुकतेच घेतले होते. त्यांनी ते झटकले आणि श्रेष्ठीच्या खांद्यावर घातले. "नव्या माणसाने पहिला सण उघड्या खांद्याने करू नये," ते म्हणाले. "हे माझ्याकडून."

श्रेष्ठी बराच वेळ उपरण्याचा काठ चाचपत राहिला.

"पण मग हे प्रत्येकच नव्याला लागू होतं की," तो पुटपुटला.

"ते आपण म्हणालात."

"आणि तुम्हाला काय?"

"माझे हात लाल आहेत, मालक. मला थंडी कमी वाजते."

श्रेष्ठीला आधी हसू फुटले, मग डोळे पुसावे लागले. त्याने मांडीवरची घडी उलगडून स्वतः बोधिसत्त्वांच्या खांद्यावर घातली. मग पाणक्यांपासून लाकूडवाल्यांपर्यंत कोणी उपरण्याविना उरला नाही. पुण्णकाला हाक मारून त्याने दम भरला, "उद्यापासून रंगावर ये. आणि लाल कोणता ते आधी विचार."

सणाला पुण्णक सासरी पोचला. सासऱ्याने रितीप्रमाणे आधी खांदा पाहिला, मग खाली नजर गेली. "उपरणं लाल, हात निळे. दोन ठिकाणी कामाला आहात का?"

उप्पला आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने त्याचा हात धरून घासला, उलटा करून घासला, नखांनी खरवडून पाहिला.

"जात नाही, बाबा," ती म्हणाली, आणि गाठोडे आणायला आत गेली.

हकीकत संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा पुण्णक म्हणजे आजचा सोमिल. बलाहक श्रेष्ठी म्हणजे आपले उत्तरक स्थविर. मुख्य रंगारी मी होतो."

शेळी कोण होती, ते शास्त्यांनी सांगितले नाही. भिक्षूंनी उगाच एकमेकांच्या पाठी पाहिल्या. उत्तरक स्थविर मात्र उठून कोठाराकडे गेले आणि वरच्या फळीवरचे एक वस्त्र काढून सोमिलाला माप लावून पाहू लागले.

ज्याला अजून मागण्याचा हक्क नाही त्याला देणे, आणि देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणे, ही बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पाळलेली दानपारमिता.