हत्तिणीचा मोडका स्टड

एका घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक गाडी होती. गाडी जुनी, अंगानं आडदांड, पण चढाला कधी मागे न हटणारी. गावानं तिचं नाव हत्तीण ठेवलं होतं. हत्तीण चालवायची हौसाक्का. डोंगरावरच्या वाड्यांवर दुसरं कुठलं वाहन पोचतच नसे. त्यामुळे दवाखान्याला निघालेली बाळंतीण असो की बाजाराला निघालेल्या अंड्यांच्या टोपल्या, सगळ्यांना आधार हत्तिणीचाच. एकदा तर एक नवरदेव आणि एक आजारी शेळी एकाच फेरीत खाली आले होते, आणि दोघांनीही तक्रार केली नव्हती.

त्याच गावात सर्जेराव नावाचा तरणा मिस्त्री होता. हात चपळ, बोलणं गोड. लोक म्हणत, "सर्जेरावाच्या हातनं कधी काय मोडत न्हाई." हे वाक्य ऐकलं की त्या दिवशी त्याला दोन भाकरी जास्त जात. रस्त्याच्या पलीकडे तातोबा मिस्त्रींचं जुनं गॅरेज होतं. तातोबा कामाला भारी संथ. त्यांच्याकडे गाडी सोडून गिऱ्हाईक घरी जाई, जेवे, झोप काढी आणि परत येई, तरी तातोबा आपले तिथेच वाकलेले दिसत.

एके दिवशी घाट चढताना हत्तिणीच्या पोटातून फटफट असा आवाज यायला लागला आणि धूर आत बसलेल्यांच्या डोळ्यांत जाऊ लागला. हौसाक्कानं गाडी थेट सर्जेरावाकडे आणली.

सर्जेरावानं बॉनेट उघडलं आणि रोग लगेच ओळखला. इंजिनातला तापलेला धूर ज्या जाड लोखंडी नळ्यांतून बाहेर पडतो, ते मॅनिफोल्ड. ते इंजिनाच्या वरच्या भागावर, हेडवर, स्टडनी, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टांनी, आवळलेलं असतं. वर्षानुवर्षं तापून आणि निवून हत्तिणीचे दोन स्टड मोडले होते आणि त्यांचे तुकडे हेडच्या आतच रुतून बसले होते. वर पकडायला काहीच नाही. असलं काम म्हणजे मिस्त्र्याच्या संयमाची परीक्षाच.

पहिला तुकडा निघाला. दुसरा हट्टी होता. सर्जेरावानं त्याला मधोमध ड्रिल लावलं, पण मन घाईत होतं आणि हात तिरका झाला. कट्‌ असा बारीक आवाज आला. ड्रिलचं पोलादी टोक मोडून स्टडच्या आतच अडकलं होतं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहत नव्हतं. पुढे गावात काय बोलतील ते सगळं त्याला आधीच ऐकू आलं. मग त्यानं त्या भोकात पुटीसारखी कडक होणारी लांबी भरली, वरून काजळी चोळली, मॅनिफोल्ड परत बसवलं, उरलेल्या स्टडांचे नट जरा जास्तच आवळले आणि हसत हसत किल्ली हौसाक्काच्या हातात दिली. आवाज बंद झाला होता. हौसाक्का तोंडभर आशीर्वाद देऊन गेली.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग एका चढावर मॅनिफोल्ड पुन्हा हललं आणि फटफट पहिल्यापेक्षा मोठी झाली. ह्या वेळी हौसाक्कानं हत्तीण रस्त्याच्या पलीकडे, तातोबांच्या दारात उभी केली.

सर्जेराव आपल्या गॅरेजात एका मोटारसायकलची चेन उगाच पुसत बसला होता. पलीकडचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू येत होतं.

"तात्या," हौसाक्का म्हणाली, "सर्जेरावला बोल लावू नका हां. पोरानं लई जीव लावून काम केलं. गाडीच म्हातारी झाली, त्याला तो काय करणार?"

शिव्या घातल्या असत्या तर सर्जेरावाला बरं वाटलं असतं. हे कौतुक मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

तातोबांनी सावकाश मॅनिफोल्ड उतरवलं. तुटक्या स्टडाजवळ बोट फिरवलं. वरची काजळी आणि खालचा घट्ट थर गंजाचाच समजून ते पुटपुटले, "गंज लई चढलाय." मग त्यांनी ड्रिल हातात घेतलं.

सर्जेरावाचा जीव टांगणीला लागला. त्या गंजाखाली काय आहे हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. पोलादावर ड्रिल चढत नाही, ते बाजूला घसरतं. आणि बाजूला होतं मऊ ॲल्युमिनियमचं हेड. ड्रिल त्यात घुसलं की हेड गेलं. इतक्या जुन्या गाडीचं हेड आता कुठे मिळणार? हत्तीण कायमची बसली असती, आणि दोष लागला असता तातोबांना. गप्प राहिलं तर त्याचं नाव शाबूत होतं. त्याला फक्त चेन पुसत बसायचं होतं.

ड्रिल सुरू झाल्याचा आवाज आला तसा तो फडकं टाकून उठला आणि रस्ता ओलांडून धावला.

"तात्या, थांबा! ड्रिल लावू नका!"

तातोबांनी ड्रिल बंद केलं. टायरवर बसलेली हौसाक्का कौतुकानं म्हणाली, "बगा तात्या, किती जीव हाय ह्याचा माझ्या गाडीवर! सवताचं काम टाकून पळत आला."

तो नुसता त्या भोकाकडे पाहत उभा राहिला. तातोबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भोकाकडे पाहिलं. इतकी वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला काय समजायचं ते समजलं. ते शांतपणे म्हणाले, "हौसाक्का, तू जरा पलीकडं जाऊन च्या सांगून ये की."

केवढा मोठेपणा होता त्या साध्या बोलण्यात! पोराला आडोसा करून दिला होता. हौसाक्का उठलीही.

"नको," सर्जेराव म्हणाला. "आक्का, तुमी हितंच बसा. तुमच्याच गाडीचं हाय." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. ड्रिलचं टोक मोडलं, लांबी भरली, काजळी चोळली आणि हसत किल्ली दिली, हेसुद्धा.

हौसाक्काचा चेहरा लाल झाला. "आरं, माझ्या गाडीत बाळंतिणी बसत्यात! एखादी धुरानं घुसमटली आसती, म्हंजी? तुला तुझं नाव मोठं वाटलं व्हय रं?"

"चुकलं, आक्का," सर्जेराव म्हणाला.

तातोबांनी ना उपदेश केला ना टोमणा मारला. त्यांनी ड्रिल खाली ठेवलं आणि विचारलं, "टोक कुठल्या बाजूला कललंय?"

"वरच्या अंगाला, जरा उजवीकडं."

"आत किती गेलंय?"

सर्जेरावानं बोटाच्या पेरावर खूण करून दाखवली.

"ये, बस हितं. मला आतलं दिसत न्हाई, तुला ठावं हाय. तू सांग, मी ठोकतो."

मग दोघं हत्तिणीच्या पोटात वाकले. आधी लांबी खरवडून काढली. सर्जेराव बोट धरून दिशा दाखवी आणि तातोबा बारीक पंचावर, म्हणजे टोकदार पोलादी सळीवर, हलकी टिचकी मारत. पोलाद कडक असतं तसं ठिसूळही असतं. टोकाचे कण सुटे झाले. एकेक कण सुईनं उकरून लोहचुंबकानं बाहेर काढला. मग तातोबांनी मोडक्या स्टडावर एक नट ठेवला आणि नटाच्या मधून वेल्डिंग केलं. स्टड लोखंडी, त्याला वेल्डिंगनं धरलं. बाजूच्या ॲल्युमिनियमला ते शिवलंही नाही. आता पकडायला डोकं मिळालं होतं.

सर्जेरावाला वाटलं, आता हे पाना लावतील आणि झटक्यात फिरवतील. तातोबांनी तसं काही केलं नाही. नट निवेपर्यंत ते थांबले, मुळाशी थोडं तेल सोडलं आणि पाना उचलून सर्जेरावाच्या हातात दिला.

"मी?" सर्जेरावानं विचारलं. "पुन्हा मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं. पुन्हा नट लावू. आधी जरा आवळ, मग सैल कर. पुन्हा आवळ. त्याला सुटायला सवड दे."

सर्जेरावानं जन्मात इतकं हळू काम केलं नव्हतं. केसभर पुढे, केसभर मागे. गंजाची तांबूस भुकटी बाहेर येऊ लागली. मग आतून कुरकुर झाली आणि स्टड फिरला, फिरत राहिला आणि अखेर त्याच्या तळहातावर येऊन पडला. हेडच्या आट्यांना ओरखडासुद्धा नव्हता. सर्जेरावाचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याच्याकडे स्वच्छ बाहीसुद्धा नव्हती.

नवे स्टड बसले, मॅनिफोल्ड चढलं. हौसाक्कानं किल्ली फिरवली. हत्तीण खोल, भरल्या आवाजात सुरू झाली आणि फटफट कुठच्या कुठे गेली. हौसाक्कानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सर्जेराव, गाडीच्या ब्रेकचं काम निघालंय. सोमवारी तुझ्याकडं लावते."

"माझ्याकडं?" सर्जेरावाला खरंच वाटेना. "आक्का, एवढं सगळं ऐकूनबी?"

"ज्याच्या हातनं काय मोडत न्हाई असा मिस्त्री मी आजवर बघितला न्हाई," हौसाक्का म्हणाली. "मोडलं तर येऊन सांगणारा आज बघितला. घाट उतरताना ब्रेक कुणाच्या हातचा आसावा, तूच सांग."

तात्पर्य: माणसाच्या हातून काही मोडलं म्हणून त्याच्यावरचा विश्वास उडत नाही, मोडलेलं झाकलं म्हणून उडतो. आणि चूक कबूल करणाऱ्याच्या हाती जो पुन्हा पाना देतो, तोच खरा उस्ताद.