सहावी गोळी

"किती झाले, गेनबा?"

मी चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावले. अकरा ढीग झाले, वर नऊ उरले.

"एकशे एकोणीस, उस्ताद."

"एकशे बत्तीस!" थोरबोले ताडकन म्हणाला. "मी मनात मोजलेत. मिनिटाला एकशे बत्तीस. असलं दुसरं बोट अख्ख्या राज्यात दाखवा."

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं नाही, त्याच्याकडंही नाही. त्याच्या हातातल्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरकडं पाहत राहिले…

कुठलं, कोण, ते आधी सांगतो.

आमच्या जिल्ह्याच्या पोलीस शस्त्रागाराचा व्हरांडा. खंडेनवमीची दुपार. सकाळी शस्त्रांची पूजा झाली होती, रायफलींवर झेंडूच्या माळा तशाच होत्या.

उस्ताद म्हणजे बाबालाल शिकलगार. त्यांच्या वाडवडलांनी तलवारींना धार लावली, यांनी सरकारी हत्यारं सांभाळली. कुठल्याही बंदुकीचं दुखणं त्यांना हात लावताच कळायचं. बोलणं मात्र मोजकं.

मी रेंजवर निशाणाचे कागद चिकटवणारा. खळ लावायची, भोकं बुजवायची, गोळ्या मोजायच्या.

आणि शिवदास थोरबोले. पोलीस नाईक, वय सत्तावीस. मनानं वाईट नव्हता. पण चालताना स्वतःची सावलीसुद्धा वळून बघायचा.

राज्याच्या पोलीस स्पर्धेला रिव्हॉल्व्हरसाठी आमच्याकडून एकच जण जायचा होता. एक तर थोरबोले, नाहीतर हवालदार मगर. संध्याकाळच्या आत नाव साहेबांकडं जायचं, आणि ते नाव उस्तादांनी द्यायचं.

थोरबोलेला ते स्वतःचंच हवं होतं. त्यानं आईला पत्रानं कळवूनही टाकलं होतं.

आमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं मागं ओढून ठेवावा लागत नाही. नुसता चाप ओढायचा. गोळ्यांचं चक्र फिरतं, घोडा आपसूक उठतो आणि आपसूक पडतो. एका ओढीत दोन्ही कामं. म्हणून तो चाप लांब आणि जड. दहा वेळा कुणीही ओढेल. शंभर वेळा ओढलं की बोट काय आहे ते कळतं.

नाव द्यायच्या आधी उस्ताद बोट तपासायचे. रिकामं रिव्हॉल्व्हर, समोर कोरी भिंत. पहिल्यांदा मिनिटभर वेग बघायचा. मग बोट दमेपर्यंत दम बघायचा. घोडा पडला की 'खट्' होतं. दर खटीला मी एक चिंचोका वाटीत टाकायचा. चिंचोका वाटीत पडला, म्हणजे घोडा पडला. इतका साधा हिशोब.

"गेनबाबा," थोरबोले हसत म्हणाला, "तेरा चिंचोके कुठं गेले? खाल्लेत का भाजून?"

"खाल्ले नाहीत रे बाबा."

"मग कानात अडकले असतील."

तो हसला. मीही हसलो. खरं तर मला लागलं होतं. पण माझे कान म्हातारे झालेत हे काही खोटं नव्हतं…

उस्ताद हसले नाहीत.

"आता दम," ते म्हणाले.

थोरबोलेनं हात सरळ केला.

खट्. खट्. खट्. खट्…

एक मिनिट गेलं. दोन गेली. त्याच्या कपाळावर घाम आला. मनगट मात्र हललं नाही, हे मी कबूल करतो. बोट होतंच तसं.

तीन मिनिटांनंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मधूनच त्याचं बोट हलताना दिसे, पण आवाज येत नसे. वाटीवर धरलेला चिंचोका माझ्या चिमटीतच राहायचा. एकदा झालं. परत झालं. मग फारच होऊ लागलं.

मला वाटलं, गेले बाबा आपले कान.

शेवटी त्याचा हात खाली आला. बोट लाल झालं होतं, थरथरत होतं. चेहऱ्यावर मात्र दसरा.

"चारशे तीस," तो म्हणाला. धाप लागली होती. "लिहा, उस्ताद. चारशे तीस."

"गेनबा?"

मी ढीग लावले. छत्तीस ढीग, वर एक.

"तीनशे एकसष्ट."

थोरबोलेनं रिव्हॉल्व्हर टेबलावर आपटलं नाही, पण आपटल्यासारखंच ठेवलं.

"उस्ताद, हा माणूस शाळेची पायरी चढलेला नाही! याच्या चिंचोक्यांवर माझं नाव ठरणार?"

मी खाली बघितलं. खरं तेच तो बोलला होता.

"गेनबाचं मोजणं बरोबर आहे," उस्ताद म्हणाले.

"मग माझं चूक?"

"तुझंही बरोबर आहे."

"दोन्ही कसं बरोबर असेल?"

उस्तादांनी रिव्हॉल्व्हर उचलून आपल्यापुढं ठेवलं.

"मग हे हत्यार खराब आहे," थोरबोले म्हणाला. "मी ओढतो, घोडा पडत नाही. मागच्या वर्षीही हेच झालं. तेव्हाही सांगितलं होतं मी."

हो. सांगितलं होतं. लेखी सांगितलं होतं.

मागच्या वर्षी जिल्ह्याच्या चाचणीत चार सेकंदांत सहा गोळ्या झाडायच्या होत्या. थोरबोलेनं सहा वेळा चाप ओढला, गोळ्या पाच गेल्या. सहावी चक्रातच राहिली आणि त्याचा नंबर हुकला. त्यानं अर्ज दिला, 'हत्यार सदोष, देखभाल करणाऱ्याचे दुर्लक्ष.'

देखभाल करणारे उस्ताद.

तो अर्ज साहेबांच्या टेबलावर उस्तादांनी स्वतःच्या हातानं नेऊन ठेवला होता. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांच्याविरुद्धचा तो पहिला कागद. त्याबद्दल ते मला एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी चहा तेवढा घेतला नाही.

आता त्यांनी खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. आत कापूस होता. कापसात एक गोळी.

"ओळखतोस?"

थोरबोलेनं ओळखली. मान फिरवली.

"हिच्या बुडाकडं बघ."

त्यानं बघितलं. मीही बघितलं. झाडायला गेलेली गोळी फुसकी निघाली तरी तिच्या बुडाला ठोक्याचा खळगा पडतो. हिचं बूड नव्या नाण्यासारखं गुळगुळीत होतं.

"हिला ठोका बसलेलाच नाही," थोरबोले हळू म्हणाला.

"हं."

"म्हणजे घोडा पडलाच नाही. मी तेच म्हणतोय! दोष हत्यारात."

उस्तादांनी गोळी डबीत ठेवली. डबी बाजूला सरकवली.

"शिवदास, चाप कोण ओढतं?"

"मी."

"आणि पुढं कोण आणतं?"

"पुढं? … पुढंही मीच. बोट माझंच की."

"बरं."

उस्तादांनी पेचकस घेतला. रिव्हॉल्व्हरच्या कुशीवरची पट्टी काढली. आतलं यंत्र उघडं पडलं. चिमट्यानं त्यांनी एक बारकी स्प्रिंग बाहेर काढली, उदबत्तीच्या काडीएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब. पट्टी परत बसवली.

ही स्प्रिंग मला माहीत होती. थोरबोलेलाही होती. दर खंडेनवमीला सगळे जण हत्यारांना हळदकुंकू लावतात, आणि उस्ताद सगळ्या रिव्हॉल्व्हरमधल्या या स्प्रिंगा काढून पुसतात, तेल देतात, एकेक कपाळाला लावतात आणि परत बसवतात. त्या दिवशी सकाळीच थोरबोले सगळ्यांदेखत म्हणाला होता, "लोक तलवारीला नमस्कार करतात. आमचे उस्ताद स्प्रिंगेला सलाम करतात!" सगळे हसले होते. उस्ताद पुढची स्प्रिंग पुसत राहिले होते.

"ओढ," उस्ताद म्हणाले.

थोरबोलेनं हात सरळ केला. ओढला.

खट्.

मी चिंचोका टाकला.

त्यानं बोट सैल केलं…

चाप तसाच मागं. मेल्यासारखा.

त्यानं बोट मागंपुढं हलवलं. बोट रिकाम्या हवेत हललं. चाप जागचा हलला नाही.

"ओढ ना."

"कसा ओढू? पुढं येतच नाही."

"तू आणतोस म्हणालास."

थोरबोलेनं डाव्या हाताच्या बोटानं चाप मागून ढकलला, पुढं आणला. मग ओढला. खट्. परत डाव्या हातानं ढकलला. ओढला. खट्. तिसऱ्यांदा ढकलताना त्याचं बोट चापाभोवतीच्या कडीत अडकलं.

लांब कवायतीच्या मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली.

"मिनिटाला किती होतील?" उस्तादांनी विचारलं.

थोरबोले चापाकडं बघत होता. मग टेबलावरच्या स्प्रिंगेकडं बघितलं. मग स्वतःच्या बोटाकडं.

शेवटी म्हणाला, "मी थांबतच नव्हतो…"

उस्ताद ऐकत होते.

"ही स्प्रिंग चाप पुढं घेऊन यायची, आणि मी अर्ध्या वाटेतच तो तिच्याकडून हिसकावून घ्यायचो. चाप अर्ध्यातून ओढला की चक्र फिरायचं, घोडा उठायचाच नाही. मला वाटायचं, झाली एक." त्यानं डबीकडं बघितलं. "सहावी तशीच राहिली. आणि मी… मी तुमच्यावर अर्ज लिहिला, उस्ताद."

"अक्षर चांगलं होतं," उस्ताद म्हणाले.

मला हसू आलं. थोरबोलेला रडू आलं. दोन्ही आम्ही आतच ठेवलं.

मग त्यानं ती स्प्रिंग तळहातावर घेतली. तळहातावर ती दिसतसुद्धा नव्हती नीट. मग कुणी न सांगता कपाळाला लावली आणि उस्तादांपुढं धरली.

उस्तादांनी ती परत बसवली. तेलाचा एक थेंब दिला. पट्टी कसली.

"आता मिनिटभर. गेनबा, चिंचोके."

थोरबोलेनं हात सरळ केला. पण लगेच ओढला नाही. डोळे मिटले.

खट्… आणि मग, अगदी बारीक, 'टिक्'.

चाप पुढं जाऊन टेकल्याचा तो आवाज. मी तो अठ्ठावीस वर्षं ऐकत आलो होतो, पण तो मोजायचा असतो असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

खट्… टिक्. खट्… टिक्.

"ढकलतीय, उस्ताद," तो डोळे न उघडता म्हणाला. "बोटाला कळतंय. ती ढकलतीय मला."

मिनिट झालं.

"शहाण्णव," थोरबोले म्हणाला.

मी ढीग लावले. नऊ ढीग, वर सहा.

"शहाण्णव," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यानं खाली वाकून जमिनीवर सांडलेले माझे चार-पाच चिंचोके गोळा केले, एकेक पुसून वाटीत ठेवले. "गेनबाबा," तो म्हणाला आणि वाटी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "असू दे रे." खरोखरच मनात काही राहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून मनात आहे. इतक्या वर्षांत उस्तादांनी माझं मोजलेलं एकदाही पुन्हा मोजलं नाही. मला अक्षर येत नव्हतं. आकडेसुद्धा मी ढिगांनीच ओळखायचो. पण मी सांगितलं की ते 'हं' म्हणायचे, आणि तो आकडा पक्का व्हायचा. त्या दिवशी माझाच माझ्या कानांवरचा भरवसा गेला होता, त्यांचा गेला नव्हता. माणसाला आयुष्यात एवढं कुणी दिलं तर तो आणखी काय मागणार? मी तेव्हा त्यांना हे बोललो नाही. आता बोलतोय, पण ते ऐकायला नाहीत. असू दे. ऐकत असतील.

उन्हं कलली होती. साहेबांचा शिपाई नाव घ्यायला व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

थोरबोलेनं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उस्तादांपुढं ठेवलं.

"एकशे बत्तीसवरून शहाण्णववर आलो," तो म्हणाला. आवाजात कडूपणा नव्हता. "मगर हवालदार एवढं तर डोळे झाकून करतात. त्यांचंच नाव द्या, उस्ताद. मी आईला दुसरं पत्र टाकतो. आज मला जे मिळालं ते स्पर्धेत मिळालं नसतं."

उस्तादांनी शिपायाकडं बघितलं. मग तंबाखूची डबी उघडली. कापसातली गोळी काढली, धोतराच्या सोग्यासारखी सदऱ्याची कड धरून तिचं गुळगुळीत बूड पुसलं, आणि थोरबोलेच्या लाल, सुजलेल्या बोटांत ठेवली.

"हिला स्पर्धेला ने," ते म्हणाले. "वर्ष झालं, वाट बघतीय."