ठकूबाईची पहिली मूठ

गोष्टी सांगणं हे तुमच्या आजीचं काम, माझं नाही. ती गेली बहिणीकडे लग्नाला, आणि जाताना तुम्हा चौघांना माझ्या गळ्यात बांधून गेली. मला परीची गोष्ट येत नाही. राजपुत्राची तर मुळीच येत नाही. एक येते, ती सांगतो, मग गुमान निजायचं. तो पाय आवर रे. आणि कुणीतरी हूं म्हणत राहा, नाहीतर भिंतीशी बोलतोय असं वाटतं मला.

तर एकदा काय झालं, एका गावात ठकूबाई भडभुंजीण राहायची. भडभुंजीण म्हणजे चुरमुरे भाजणारी. तुम्ही पिशवीच्या पिशवी फस्त करता, ते चुरमुरे. झाडाला नाही लागत. मोठी भट्टी असते, भट्टीवर कढई, कढईत तापलेली वाळू. वाळूत तांदूळ टाकायचा, झाऱ्यानं तीन फेरे द्यायचे आणि काढायचा. चौथा फेरा दिला की काळा कोळसा.

ठकूबाईची भट्टी वेशीला लागून होती. सात पिढ्या पेटलेली, एकदाही न विझलेली. आणि त्या भट्टीला, बरं का, जीव होता. फार बोलायची नाही. आत्ता तू म्हणालास ना, तेवढंच म्हणायची. काम मनासारखं झालं की आतून आवाज यायचा, हूं. नाही झालं की गप्प. देवीच्या जत्रेत पहिली ओंजळ ह्याच भट्टीच्या चुरमुऱ्यांची उधळायची, असा मान होता. भट्टी विझली की मान गेला. आणि ठकूबाईला तरी त्या भट्टीवाचून दुसरं कोण होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ती भट्टीशीच बोलायची, आणि भट्टी हूं म्हणायची.

मग एका सालाला काय झालं, ठकूबाईचा उजवा खांदा धरला. झारा उचलेना. जत्रा आली आठ दिवसांवर. तिनं वेशीवर सांगून टाकलं, मला हाताखाली माणूस पाहिजे.

आता माणूस घ्यायची त्या भट्टीची एक रीत होती. नाव विचारायचं नाही. गाव विचारायचं नाही. कुणाचा कोण, हे तर नाहीच नाही. आलेल्याच्या हातात मूठभर तांदूळ द्यायचा आणि म्हणायचं, भाज. आणि ती पहिली मूठ ज्यानं भाजली त्यानंच खायची. ठकूबाईला तिच्या सासूनं अशीच घेतली होती. सून म्हणून नाही, कामाला म्हणून. मुलगा मागाहून दिला.

पहिली मूठ सगळ्यांचीच करपते, बरं का. ठकूबाईचीही करपली होती. सासू भाजण्याकडे बघतच नव्हती. करपलेल्याचं ही काय करते, तिकडे डोळा होता तिचा.

पण त्या राज्याचा एक राजा होता. माणूस वाईट नव्हता, नुसता आळशी. प्रधान सांगेल तिथं शिक्का मारायचा. आणि प्रधानानं नुकतंच फर्मान काढलं होतं: कामाला माणूस ठेवायचा तर दरबारची चिठ्ठी बघून ठेवायचा. बिनचिठ्ठीचा ठेवला तर धंदा बंद. आणि चिठ्ठ्या मिळायच्या कुणाला? प्रधानाच्या गोतावळ्याला. दुसऱ्या कुणी मागितली की चिठ्ठीचा कागद संपलेला.

शिपायानं वेशीवर फर्मान वाचलं. ठकूबाई म्हणाली, "चिठ्ठीनं झारा उचलतो का?"

शिपाई म्हणाला, "बाई, मी फक्त वाचतो."

मग पहिला आला प्रधानाचा मेहुणा. रेशमी उपरणं, हातात चिठ्ठी. म्हणाला, "चिठ्ठी बघा. हुशार, होतकरू, असं लिहिलंय माझ्याबद्दल."

"कुणी लिहिलंय?"

"भावजींनी."

ठकूबाईनं चिठ्ठी कमरेला खोचली आणि तांदूळ पुढे केला. मेहुण्यानं भाजला. करपला. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काळी मूठ हळूच पोत्यामागे टाकली. मग रिकामं तोंड हलवत म्हणाला, "वा, खुसखुशीत." भट्टी गप्प. ठकूबाई म्हणाली, "पोत्यामागे उंदीर राहतात, त्यांना विचारते खुसखुशीत लागली का. तुम्ही या."

मग दुसरा आला, प्रधानाचा साडू. त्यानं करपलेली मूठ ठकूबाईच्या चांगल्या चुरमुऱ्यांच्या टोपलीत मिसळली आणि वरून हात फिरवला. भट्टी गप्प. ह्याला तर ठकूबाईनं झारा दाखवला, आणि भाजायला नव्हे.

मग तिसरा आला, प्रधानाचा जावई. सोबत छत्री धरणारा नोकर. मूठ करपली तशी जावई म्हणाला, "वाळू खराब आहे. कढई वाकडी आहे. आणि बाई, तुम्ही मध्ये खोकलात." मग नोकराकडे वळून म्हणाला, "खा रे." त्या बिचाऱ्यानं खाल्ली. भट्टी गप्प.

ठकूबाई नोकराला म्हणाली, "बाबा, ही कडू मूठ तुझी नव्हती." त्याला तिनं गूळ दिला. जावयाला काही दिलं नाही.

पाच दिवस गेले. जत्रा तीन दिवसांवर. ठकूबाई डाव्या हातानं थोडंथोडं भाजायची, आणि भट्टीचा जाळ रोज बोटभर खाली यायचा.

आणि मग आला, बरं का, एक राक्षस.

घाबरायचं काही नाही. तो काम शोधत आला होता. दोन सुळे ओठाबाहेर, अंगावर केस, पाय सुपाएवढे. माणसं खाणं त्यानं सोडलं होतं, दात दुखायचे म्हणे. आधी तो तेल्याकडे गेला. तेली म्हणाला, तुझं तोंड बघून गिऱ्हाईक पळेल. कुंभाराकडे गेला. कुंभार म्हणाला, तुझं बोट लागलं तर मडकं फुटेल. लोहाराकडे गेला. लोहार भला माणूस, तो म्हणाला, मी घेतला असता रे, पण चिठ्ठी कुठाय? तिघांपैकी एकानंही त्याच्या हातात काम देऊन बघितलं नाही. नुसतं तोंड बघितलं, नाहीतर कागद मागितला.

राक्षस वेशीबाहेर उभा राहिला. आत यायची हिंमत होईना. म्हणाला, "मावशी, मला लिहिता येत नाही. चिठ्ठीही नाही."

"मी विचारलं का?" ठकूबाई म्हणाली. "आत ये. डोकं सांभाळ, छप्पर खाली आहे. हा तांदूळ घे, भाज."

राक्षसानं भाजला. करपला. त्यानं ओंजळीत घेतला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. एक दाणा ठेवला नाही.

भट्टी हूं म्हणणार, एवढ्यात ठकूबाई म्हणाली, "थांब गं."

कारण तिच्या ध्यानात आलं. राक्षस तो. तो काय, दगडही खाईल. त्यानं करपलेलं खाल्लं त्यात मोठं काय केलं? सात पिढ्यांत भट्टीवर राक्षस कधी आला नव्हता, रीत त्याच्या मापाची नव्हतीच. सासूनंही ह्यावर काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

ठकूबाईनं विचारलं, "जेवून किती दिवस झाले तुला?"

"तीन."

"मग आता दुसरी मूठ भाज. ही खायची नाही. माझ्या हातात द्यायची."

राक्षसानं तांदूळ टाकला. पहिली मूठ का करपली ते त्याला कळलं होतं, त्यानं फेरे जास्त दिले होते. आता एक, दोन, तीन, आणि काढला. पांढरे शुभ्र चुरमुरे फुलले, मोगरा जसा. वास असा सुटला की राक्षसाच्या पोटात ढोल वाजला. तोंडाला पाणी सुटून दाढी भिजली. त्यानं डोळे गच्च मिटले, आणि सगळी मूठ ठकूबाईच्या हातात ठेवली. मग तळहात उघडून दाखवला. बोटाला एक दाणा चिकटला होता, तोही काढून दिला.

भट्टी म्हणाली, हूं. अशी म्हणाली की कढई हलली.

"उद्यापासून नाही, आत्तापासून," ठकूबाई म्हणाली. "पण आधी जेव."

मग काय, राक्षस झारा मारायला लागला. भट्टीचा जाळ वर आला. पोती भरली. पोरंसोरं आधी लांबून बघायची, मग त्याच्या खांद्यावर चढून बघायला लागली. पण ही गोष्ट मेहुण्यानं प्रधानाला सांगितली, आणि प्रधानानं राजाला. म्हणाला, "महाराज, एक भडभुंजीण तुमचा शिक्का मानत नाही. बिनचिठ्ठीचा ठेवलाय. त्यातून राक्षस."

जत्रेच्या आदल्या सकाळी राजा स्वतः आला. मागे प्रधान, मागे शंभर शिपाई, प्रत्येकाच्या डोक्यावर पाण्याची घागर. राजा म्हणाला, "राक्षसाला काढ, नाहीतर भट्टीवर पाणी ओततो."

राक्षस म्हणाला, "मावशी, मी जातो. तुमची भट्टी राहू दे."

"गप उभा राहा तू," ठकूबाई म्हणाली. "तू गेलास तर उद्या ह्या प्रधानाचा मेहुणा झारा धरणार. त्यापेक्षा विझलेली बरी." मग ती राजाच्या पुढ्यात गेली. गुडघे दुखत होते तरी ताठ उभी राहिली. म्हणाली, "महाराज, पाणी ओता. तुमच्याकडे शंभर घागरी आहेत, मी एकटी म्हातारी. पण ह्या भट्टीला हात लावायचा तर आधी मूठ भाजावी लागते. मी भाजली, माझ्या सासूनं भाजली, ह्यानं भाजली. तुम्ही भाजा, मग ओता."

राजा हसला. म्हणाला, "तांदूळच ना?" बाह्या सारल्या, झारा घेतला. एक फेरा, दोन, तीन, चार, पाच. काळा कोळसा.

"आता खा," ठकूबाई म्हणाली.

प्रधान धावत पुढे आला. "महाराज, मी खातो, मी खातो."

"ज्याची मूठ त्यानं खायची," ठकूबाई म्हणाली. "ह्यांच्या जावयासमोरही हेच म्हणाले होते मी."

राजानं मुठीकडे बघितलं. शंभर शिपायांकडे बघितलं. जन्मात त्याला कुणी करपलेलं वाढलं नव्हतं. वाढू दिलंच नव्हतं. मग त्यानं खाल्लं, सगळं. दात काळे झाले, डोळ्यात पाणी आलं, घशाला कोरड पडली. त्यानं शिपायाच्या डोक्यावरची घागर ओढली आणि भट्टीवर ओतायला आणलेलं पाणी घटाघटा प्यायला.

मग म्हणाला, "कडू आहे."

"हो," ठकूबाई म्हणाली. "तुमच्या चिठ्ठीवर तिघं आले. एकानं हे लपवलं, एकानं मिसळलं, एकानं दुसऱ्याला चारलं. ह्यानं खाल्लं, आणि पोटात आग असताना चांगलं ते माझ्या हातात दिलं. आता कुणाला ठेवू, ते तुम्हीच सांगा."

राजा प्रधानाकडे वळला. "माझ्या दरबारात चिठ्ठीवर किती आलेत?"

प्रधान म्हणाला, "सगळेच, महाराज."

राजानं तिथल्या तिथं फर्मान मागितलं आणि भट्टीत टाकलं. ठकूबाईनं कमरेची चिठ्ठीही त्यावर टाकली. मग राजा म्हणाला, "बाई, तुझी रीत न बघता मी पाणी घेऊन आलो. चुकलो." आणि म्हणाला, "आणखी एक मूठ दे. बघतो जमतं का."

ह्या खेपेला तीनच फेरे दिले. भट्टी म्हणाली, हूं.

राजा खूश झाला. ठकूबाई म्हणाली, "जागा भरली. पुढच्या सालाला या."

दुसऱ्या दिवशी जत्रेत पहिली ओंजळ राक्षसानं उधळली, ती देवळाच्या कळसावरून पलीकडे गेली. राजानं तांदळाचं एक पोतं राजवाड्यावर नेलं आणि दरबारातल्या एकेकाला मूठ भाजायला लावली. प्रधान त्याच दिवशी गाव सोडून गेला. ठकूबाईचा खांदा बरा झाला, राक्षसाचे दात दुखायचे थांबले, भट्टी अजून पेटलेली आहे. झालं. सगळी सुखात राहिली, तुम्हीही आता डोळे मिटा.

हूं म्हणा की कुणीतरी. निजलात होय.

तो राजा होता, बरं का, तरी काळ्या दातांनी चारचौघांत चुकलो म्हणाला. मी विशीत लाकडाच्या वखारीवर काम मागायला गेलो, तेव्हा वखारवाल्यानं करवत हातात द्यायच्या आधी कागद पुढे केला, आणि सही येत नाही म्हटल्यावर सगळ्यांसमोर हसून हाकलला. लाकूड सहीनं कापत नाहीत. अजून जिवंत आहे, चौकात बसतो, मला बघून मान फिरवतो, पण चुकलो म्हणत नाही. कोण म्हणाल तर महिपती दाभाडे.