साहेबांचे सात रंग

टेकडीपल्याडच्या एका गावात रखमाजी नावाचा एक भोळा माणूस होता. तो शाळेत शिपाई होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तीच होती.

शाळेत विज्ञानाला खानोलकरबाई आल्या. जुन्या काळी शास्त्रज्ञांनी उजेडाचे प्रयोग कसे केले, ते मुलांना करून दाखवायचं त्यांनी ठरवलं. त्या म्हणाल्या, "रखमाजी, वर्गात अंधार करा."

रखमाजीनं दारं-खिडक्या लावल्या. फटींत चिंध्या कोंबल्या. बाई बाकाला अडखळून पडल्या.

"अहो, उन्हाची तिरीप यायला एक बारीक भोक ठेवायचं!"

"बरं बाई. यापुढं भोक ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पाण्यात काठी वाकडी कशी दिसते, ते दाखवायचं होतं. बाईंनी बादलीभर पाणी मागवलं. रखमाजीनं खिळा घेतला आणि बादलीच्या बुडाला भोक पाडलं. वर्गात पोचली ती रिकामी बादली आणि ओला रखमाजी.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, भोक दिसलं की बुजवायचं!"

"बरं बाई. बुजवतो."

तिसऱ्या दिवशी लोलकाचा प्रयोग होता. लोलक म्हणजे तिकोनी काच. रखमाजीनं ती आणली, तर चहूबाजूंनी डांबर फासलेलं!

"हे काय केलंत?"

"आरपार दिसत होतं, बाई. म्हणजे केवढं मोठं भोक! बुजवलं."

बाईंनी रॉकेलनं डांबर काढलं आणि दम भरून सांगितलं, "हे बघा, पांढऱ्यात सात रंग लपलेले असतात. ते बघायचे तर आधी स्वच्छ धुवायचं, पुसायचं, उन्हात धरायचं आणि रंग दिसेपर्यंत हळूहळू फिरवायचं. कळलं?"

"कळलं बाई."

चौथ्या दिवशी तालुक्याहून शिक्षणाधिकारी आले. ते खूश झाले तर शाळेला प्रयोगशाळा मिळणार होती. बाई वर्गात तयारीत होत्या. त्यांनी आतूनच हाक दिली, "रखमाजी, साहेबांकडे जरा बघा हो!"

रखमाजीनं बघितलं. साहेबांचा सफारी पांढराशुभ्र होता.

त्यानं कळशी उचलली आणि साहेबांच्या डोक्यावर ओतली. मग फळा पुसायच्या फडक्यानं त्यांना पुसलं. खांदे धरून उन्हात उभं केलं आणि हळूहळू फिरवायला लागला.

"अरे ए! सोड! काय चालवलंयस?" साहेब ओरडले.

"हलू नका साहेब. नीट दिसत नाही."

आरडाओरडा ऐकून बाई धावत बाहेर आल्या. साहेबांचा चेहरा रागानं लालबुंद झाला होता.

रखमाजी आनंदानं ओरडला, "बाई, तांबडा आला! सहाच राहिले. साहेब, आणखी एक गिरकी घ्या!"