काठीने निवडलेला मुक्काम

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या वृद्ध आईला डोंगरावर न्यायचे ठरवले. डोंगर कुठलाही नव्हे. त्याच्या पायथ्याचे गाव हे म्हातारीचे माहेर. सरपणासाठी, करवंदांसाठी, कधी नुसत्या उनाडक्या करायला ती लहानपणी त्याच्या अंगाखांद्यावर हिंडली होती. पुढे लग्न झाले, शहरातला संसार झाला, मुलाने व्यापारात नाव काढले, आणि आता घरात तिला पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देत नसे. एके दिवशी ती म्हणाली, "एकदा डोंगरावर जाऊन यावंसं वाटतं. पुढच्या वर्षी जमेलच असं काही नाही." मुलाने तो शब्द वरच्या वर झेलला.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एका आचार्यांचा आश्रम होता. व्यापाऱ्याने त्यांना निरोप धाडला: चार दिवस राहुट्या टाकून राहता येईल आणि आसपास मनसोक्त हिंडता येईल, अशी जागा पाहून ठेवावी. आचार्यांनी ते काम आपल्या शिष्यावर सोपवले. शिष्य पायांचा मोठा बळकट. डोंगरातली एकही वाट त्याच्या पायाखालून जायची राहिली नव्हती, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला विसरत नसे.

व्यापारी आईला आणि घरच्या तरुण मंडळींना घेऊन आश्रमात येऊन उतरला, तेव्हा शिष्याने त्याला बसवून सगळे नीट विचारून घेतले. सोबत मंडळी किती, पाणी किती लागेल, भोई आहेत का. व्यापारी म्हणाला, "आईला शिखरावरचं देऊळ दाखवायचं, एवढीच इच्छा. तिच्यासाठी डोली आणलीय. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

शिष्याने शिखराच्या ऐन खाली, खिंडीतली जागा पक्की केली. तिथून दरीपलीकडच्या रांगा दिसत. तरुणांना चढायला चहूकडे कडे. डोली उचलली की देऊळ हाकेच्या अंतरावर. याहून चांगली जागा ब्रह्मदेवालाही सापडली नसती, असे त्याला वाटत होते. गुरूंच्या शाबासकीचे मांडे तो मनातल्या मनात खाऊ लागला.

आचार्य मात्र जागा पाहायला निघण्याआधी म्हातारीजवळ जाऊन बसले. दोघांचे थोडे बोलणे झाले, थोडे हसणे झाले. उठताना आचार्यांनी तिची काठी मागून घेतली.

शिष्याला नवल वाटले. या वयातही आचार्य चढावर त्याच्या बरोबरीने चालत. तरीही तो त्यांना घेऊन खिंडीत गेला. तिथे पोचताच आचार्यांनी पाठ वाकवली, काठी टेकली, आणि राहुटी जिथे लागणार होती तिथून ते लहान लहान पावले टाकत निघाले. थोडे चालले की थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा पाऊल चाचपायचे. एकीकडे निसरडी घसरण, दुसरीकडे धोंडे. तिसऱ्या बाजूने काठी टेकवायलाही जागा मिळेना. राहुट्यांचे सामान घेऊन आलेले गडी तोंडावर उपरणे धरून हसू लागले. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"गुरुजी, पाय दुखतोय का?"

"माझा नाही," आचार्य म्हणाले, आणि खाली उतरू लागले.

पुष्कळ खाली हिरड्याच्या झाडांत एक माची होती, डोंगराच्या कमरेला असलेली सपाट जागा. तिथेही आचार्य तसेच वाकून चालले. झाडांखालून एक वाट जवळजवळ सपाट जात होती. टेकायला जागोजागी खडक होते आणि शेवटी झरा होता. झऱ्याशी पोचल्यावर त्यांनी पाठ सरळ केली. "राहुट्या इथं लावा."

शिष्याला राहवले नाही. "इथून शिखर दिसतसुद्धा नाही, गुरुजी. चढणाऱ्यांना पहाटे निघावं लागेल. शेठजी काय म्हणतील?"

"जागेबद्दल तू कुणाला विचारलंस?"

"शेठजींना."

"मी त्यांच्या आईला विचारलं. डोंगरावर जाऊन काय करणार, म्हटलं. तर म्हणाल्या, 'चालणार.' ना देवळाचं नाव काढलं, ना शिखराचं." आचार्य खडकावर बसले. "तुझ्या खिंडीत त्यांच्याजोगी वाटच नाही. तिथं त्या गाठोड्यासारख्या वर जातील आणि गाठोड्यासारख्या खाली येतील. बाळ, ज्यांचे पाय धड आहेत ते कुठंही उतरले तरी आपली वाट शोधतात. इथूनही ते शिखर गाठतील, जरा लवकर उठतील इतकंच. मुक्काम पाहायचा तो सोबतीतल्या सगळ्यात थकलेल्या पायांसाठी. तुझ्यामाझ्या पायांना ती जागा कळत नाही, म्हणून काठी मागून आणली."

शिष्याला ते पटले. तरी खिंडीतली जागा गेल्याची चुटपुट मनात राहिलीच.

दुसऱ्या दिवशी मंडळी माचीवर आली, आणि तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तरुण शिखराकडे निघून गेले. व्यापारी डोली घेऊन आईपुढे उभा राहिला. "चल आई, बस. हळूहळू नेतील."

"मी झऱ्यापर्यंत जाऊन येते," म्हातारी म्हणाली.

"पडशील. मी पाणी इथं मागवतो."

"पाणी घरी पण मिळतं रे. मला वाट हवीय."

व्यापाऱ्याने आशेने शिष्याकडे पाहिले. शिष्याने भोयांना डोली सावलीत नेऊन ठेवायला सांगितले.

म्हातारी निघाली. मागून मुलगा, दोन्ही हात पुढे धरून, आणि त्याच्या मागे शिष्य. प्रत्येक खडकावर ती टेकली. एका झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवत म्हणाली, "केवढा झालास." झऱ्याशी पोचेपर्यंत ऊन चांगले वर आले होते. तिने पाय पाण्यात सोडले, दोन्ही हातांनी ते चोळले, आणि मग आपल्याच पायांना हात जोडले.

"यांनी फार नेलं मला," ती म्हणाली. "आभार मानायचं कधी सुचलंच नाही."

व्यापारी तिच्याजवळ पाण्यात उतरला. तो म्हणाला, "आई, मी रोज सकाळी या पायांवर डोकं ठेवतो, आणि दिवसभर त्यांना जमिनीला लागू देत नाही."

"कळलं ना? मग झालं," म्हातारी म्हणाली. "आता ऊठ. परत जाताना पण मीच चालणार आहे."

त्या वाटेने शिष्य आजवर असंख्य वेळा धावत गेला होता. ती इतकी सुंदर आहे, हे त्याला म्हातारीच्या मागून चालताना प्रथमच दिसले. तिच्याविषयी आणि आपल्या गुरूंविषयी त्याचे मन कृतज्ञतेने भरून आले. खिंडीची आठवणही त्याला झाली नाही.

आपल्या माणसांसाठी आपण पुष्कळ काही प्रेमाने निवडतो. त्यांना विचारायचे तेवढे राहून जाते.