मोक्षानंतरची थाळी

“दीड तास, माई. फक्त दीड तास कळा थोपवायच्या आहेत. एखादा मंत्र, एखादी मुळी… काहीही सांगा.”

वासुदेवशास्त्री घैसास मठाच्या उंबऱ्याशी उभे होते. ग्रहणाच्या स्नानानं धोतर ओलं, काखेत पंचांग. पंचक्रोशीच्या पत्रिका पाहणारा हा माणूस. कुणाच्या घरी वास्तुशांत कधी, कुणी नोकरी बदलावी की नाही, सगळं यांच्या एका शब्दावर ठरायचं. वीस वर्षांपूर्वी माईंचा अनुग्रह घेतला, तेव्हासुद्धा मुहूर्त यांनीच काढला होता.

आज मात्र तेच विचारायला आले होते.

बाहेर सूर्याला ग्रहण लागलं होतं. माई ग्रहणात बोलत नसत. स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण सुटेपर्यंत, आसन सोडायचं नाही, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. डोळे मिटून त्या माळ ओढत राहिल्या.

“सुनेचे दिवस भरलेत, माई. शर्वरीचे. सकाळीच पाणमोट फुटली. दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी आहे, मीच अडवून ठेवलीय. ग्रहणात गर्भार बाईला उंबऱ्याबाहेर कशी काढू?”

माळेचा एक मणी सरकला.

“मोक्ष एक चाळीसला. अमावास्या, त्यात ग्रहण, सूर्य-चंद्र दोघंही राहूच्या तोंडात. अशा वेळी मूल जन्मलं, तर जन्मभर त्याच्या पत्रिकेत ग्रहणदोष राहील.”

फोन वाजला. घरून कुमुदताई, त्यांची पत्नी.

“अहो, ती आता ओरडतसुद्धा नाही. नुसती भिंतीकडे बघतेय. मला लक्षण बरं दिसत नाही.”

“धीर धर. माईंना विचारतोय.”

“माईंना विचारा, नाहीतर त्या रिक्षावाल्याला विचारा. पण लवकर विचारा.”

फोन बंद झाला. शास्त्रीबुवांनी ओठावरचा घाम पुसला.

“माझ्या आईला जमलंच ना? माझ्या वेळीही असंच ग्रहण होतं. आईनं दात आवळून कळा सोसल्या. सूर्य सुटला आणि मग मी जन्मलो. शुद्ध प्रतिपदेचा. वडील सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. तेव्हा तर तुम्हीच होतात सुईण म्हणून. मग हिलाच का नाही जमणार?”

माळ थांबली.

माईंनी डोळे उघडले. माळ भुईवर ठेवली. ती अशी भुईवर ठेवलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

“काय सांगायचा तुझा बाप?”

“मोक्ष झाला आणि मुलगा झाल्याची थाळी वाजली.”

“थाळी तेव्हा वाजली… तू आधीच आला होतास.”



“किती आधी?”

“दीड तास. तुझ्या बापानं दाराआडून सांगितलं, थाळी वाजवायची नाही, कुणाला कळू द्यायचं नाही. मधाचं बोट तोंडात देऊन तुला मांडीवर गप्प ठेवलं होतं मी.”

“आई तर कधी काही बोलली नाही.”

“तिला कुणी विचारलं?”

शास्त्रीबुवा उंबऱ्यावर बसले. आपली पत्रिका त्यांना तोंडपाठ होती. लोकांना समजावताना ते तीच उघडून दाखवायचे.

“म्हणजे माझी पत्रिका…”

“चुकली कधी?”

त्यांनी आठवून पाहिलं. शिक्षण, लग्न, मुलाची बोटीवरची नोकरी…

“नाही. सगळं जुळत आलं.”

माई हसल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, त्यांना ओलांडून अंगणात उतरल्या आणि उघड्यावर उभ्या राहिल्या. ऊन पितळेसारखं फिकं झालं होतं. फणसाखालचे कवडसे सगळे चंद्रकोरीसारखे.

“माई, ग्रहण आहे…”

“दिसतंय मला. ये.”

…

शास्त्रीबुवांनी पाय उंबऱ्याबाहेर टाकला. मग दुसरा. फोन लावला.

“कुमुद, तिला रिक्षात बसव. मी फाट्यावर चढतो… हो. आत्ता.”

पलीकडून नुसतं “बरं”, आणि भांडं पडल्याचा आवाज.

ते फाटकापर्यंत धावले. तिथून वळले.

“माई, बरोबर काय नेऊ? देवाचा अंगारा देता?”

“पाणी ने, वासू. तुझी आई तो दीड तास पाणी मागत होती… ग्रहण होतं. मी दिलं नाही.”