पाळण्यातली चिंगी

हिंगणवाडीत सावळाराम नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा गावानं मोठ्या मनानं वापरलेला शब्द होता. त्याची पिठाची गिरणी होती. दळण मात्र तो चांगलं दळायचा, कारण धान्य वरून टाकायचं आणि पीठ खालून घ्यायचं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं.

त्याची बायको रंजना सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी, कासारखेड्याला निघाली. सात वर्षांची मनू तिच्याबरोबर. मागं राहिले ते मनूचे दोन गिनीपिग, पुण्याच्या मावशीनं दिलेले. उंदरापेक्षा मोठे, सशापेक्षा लहान, शेपूट नावालाही नाही. बंड्या काळाकुट्ट, चिंगी तांबूस. पिशवीचा नुसता आवाज झाला तरी दोघं 'कुईं कुईं' करून घर डोक्यावर घ्यायचे.

एसटीत चढता चढता रंजना म्हणाली, "अहो, मनूचा जीव आहे त्यांच्यात. लेकरांसारखं सांभाळा."

"बरं. लक्षात राहील," सावळाराम म्हणाला.

आणि राहिलं. सावळारामचं तेच तर दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोघांना मांडीवर आडवं घेतलं. खोबरेल तेलानं चोळलं, ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली आणि दुपट्यात गुंडाळलं. मग तीट. चिंगीला काजळाची लावली. बंड्या मुळातच काळा, म्हणून त्याला पिठाची लावली. दुपारी दोघं शिंकायला लागले.

जनावरांच्या डॉक्टर देसल्यांनी कपाळाला हात लावला. "अहो गिरणीवाले, यांना अंघोळ नसते! हे आपलं अंग आपण साफ ठेवतात. फार तर कोरडा ब्रश फिरवा. पाणी लागता कामा नये."

"बरं. लक्षात राहील."

आठवड्यानं सासरे आले, मनूचा जुना पाळणा न्यायला. त्यांना सगळे आप्पा म्हणत. धोतर कडक, टोपी कडक, मिशा त्याहून कडक. त्यांना सहा मुली, रंजना शेंडेफळ. गल्लीत एका म्हशीनं वाट अडवली, आप्पा अदबीनं बाजूला सरकले आणि थेट शेणाच्या खड्ड्यात गेले. कमरेपर्यंत.

तसेच दारात येऊन म्हणाले, "जावईबापू, आधी दोन बादल्या पाणी काढा."

"पाणी लागता कामा नये," सावळाराम म्हणाला आणि ब्रश घेऊन आला.

"अहो, मला अंघोळ करायचीय!"

"तुम्ही आपलं अंग आपण साफ ठेवता," सावळाराम म्हणाला, आणि मिशांपासून सुरुवात केली.

आप्पांनी शेजाऱ्याच्या हौदावर अंघोळ केली, शेजाऱ्याची लुंगी नेसली आणि परत येऊन उंबऱ्यातूनच तोंड सोडलं. "घरी कुणी आलं की पाट मांडावा! ताट वाढावं! नको म्हटलं तरी आग्रह करावा! एवढंसुद्धा कळत नाही? लिहून ठेवा जावईबापू, पुन्हा असा काही घोळ घातलात तर मी पोरगी परत पाठवणार नाही. नातवंडासकट ठेवून घेईन!"

रंजना गेल्यापासून घर सावळारामला खायला उठत होतं. भाकरी करपली तरी 'करपली' म्हणायला कुणी नव्हतं. आता चूक करायची नाही, असं त्यानं अगदी मनापासून ठरवलं.

"बरं आप्पा. लक्षात राहील."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. एका पाटावर बंड्या, एकावर चिंगी. पुढ्यात पुरणपोळी, वर तुपाची धार. बंड्यानं नुसतं हुंगलं.

"असं कसं? एक घास माझ्यासाठी. आता एक रंजनासाठी." चिंगीनं तोंड फिरवलं, तशी पोळीही तिकडं फिरली. "लाजायचं नाही. घर आपलंच आहे."

दोघांची पोटं टम्म फुगली. डॉक्टरांनी औषध पाजलं आणि सावळारामला समोर उभं केलं. "आपलं जेवण यांना विष आहे, विष! पुढ्यात फक्त वाळकं गवत ठेवायचं. वर चार काड्या कोथिंबीर, ढोबळी मिरचीची एक फोड. बास. गवत चावलं नाही तर यांचे दात वाढतच जातात, कळलं?"

"बरं. लक्षात राहील."

यथावकाश रंजनाला मुलगा झाला. सावळारामनं आनंदानं सगळ्या गावाचं दळण एकत्रच दळून टाकलं. ज्वारी कुणाची, गहू कुणाचे, ते गाव अजून शोधतंय. मग रंजनाचे दोघे काका बारशाचं आमंत्रण घेऊन मोटरसायकलवर आले. उन्हातून आलेले, भुकेजलेले. सावळारामनं त्यांना पाटावर बसवलं आणि ताटं आणून ठेवली. ताटात वाळक्या गवताचा ढीग, वर कोथिंबीर, कडेला ढोबळी मिरचीची एक फोड.

थोरल्या काकांनी कोथिंबीर बाजूला सारून खाली पाहिलं. "हे काय आहे?"

"चावा काका. नाहीतर दात वाढतात."

"माझे कुठले वाढायला!" धाकटे काका संतापले आणि त्यांनी कवळी काढून त्याच्यापुढं धरली.

सावळाराम हबकला. "बघा, गवत न चावल्यानं काय झालं! पार बाहेर आले."

संध्याकाळी रंजनाचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. "अहो, आप्पा तुम्हाला बारशालाही बोलवायला तयार नव्हते. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठं त्यांनी काकांना पाठवलं, आणि तुम्ही त्यांना गवत वाढलंत! ही शेवटची संधी आहे. बारसं नीट पार पडलं तर मला तुमच्याबरोबर पाठवतील, नाहीतर नाही. मनूचे गिनीपिग घेऊन या, ती रोज विचारते. आणि तुमच्या पाया पडते, स्वतःचं डोकं लावू नका. डॉक्टर सांगतील तेवढंच करा."

"बरं. लक्षात राहील."

बारशाच्या आदल्या दिवशी चिंगीला तीन पिल्लं झाली. सावळाराम टोपली घेऊन डॉक्टरांकडं धावला. डॉक्टरांनी पिल्लं उलटीपालटी करून पाहिली.

"तिन्ही माद्या आहेत. राहू द्या आईजवळ, मऊ कापडात, उबेला. उचलताना एक हात छातीशी, एक बुडाखाली. पण नर आजच्या आज वेगळा काढा. एकही नर माद्यांजवळ ठेवायचा नाही. नाहीतर अडीच महिन्यांत पुन्हा पिल्लं, मग पुन्हा, मग पुन्हा. लोकांना हे कुणी वेळेवर सांगतच नाही!"

"बरं," सावळाराम म्हणाला. "लक्षात राहील."

बारशाच्या दिवशी तो दोन टोपल्या घेऊन कासारखेड्यात उतरला. एका टोपलीत बंड्या, दुसरीत चिंगी आणि तिच्या लेकी. त्यानं अंगणात पाऊल टाकलं आणि तो जागीच थबकला. मांडवात काका होते, काकवा होत्या, सहा मुली होत्या, पाच जावई होते, आप्पा होते, सासूबाई होत्या. सगळे एकत्र! आणि कुणालाही कशाची काळजी नव्हती.

तो थेट आप्पांपाशी गेला. "आप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय. आज एकही पुरुष बायकांजवळ नको."

आप्पांना वाटलं, बाळंतिणीला गर्दीचा त्रास होत असणार. त्यांनी पहिल्यांदाच जावयाकडं कौतुकानं पाहिलं. "शहाणे झालात की! चला रे, सगळे गोठ्यात बसू. म्हशी रानात गेल्यात, गोठा मोकळाच आहे."

पुरुष गोठ्यात गेले. रंजना आत साडी बदलत होती, बायका घुगऱ्यांच्या पातेल्याभोवती होत्या. माजघरात फुलांनी सजवलेला पाळणा होता आणि पाळण्यात बाळ झोपलं होतं. सावळाराम आपल्या मुलाला पहिल्यांदाच पाहत होता. एवढंसं नाक, एवढ्याशा मुठी. त्याचे डोळे भरून आले. पण मुलगा तो मुलगाच. त्यानं एक हात छातीशी, एक बुडाखाली घेऊन बाळाला उचललं, गोठ्यात नेलं आणि आप्पांच्या मांडीवर ठेवलं.

"याला इकडं कशाला आणलं?" आप्पांनी विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग ठीक आहे," आप्पा म्हणाले. नातवाला मांडीवर घ्यायला त्यांना कधी मिळतंय असं झालं होतं.

आता पाळणा रिकामा होता. आत मऊ कापड होतं, ऊबही होती. सावळारामनं चिंगीला आणि पिल्लांना हळूच पाळण्यात ठेवलं, वरून दुपटं घातलं. मग बंड्याला घेऊन तो स्वतःही गोठ्यात आला, कारण नियम म्हणजे नियम. त्यानं आतून कडी लावली, प्रत्येकाच्या पुढ्यात मूठमूठ गवत ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसला. एवढं बिनचूक काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

माजघरातून बायकांचा कलकलाट ऐकू येऊ लागला. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे सावळारामच्या थोरल्या बहिणीचा, शकूआक्काचा. आक्काला चष्म्याशिवाय दिसत नसे, आणि फोटोत चांगलं दिसावं म्हणून तिनं चष्मा काढून ठेवला होता. ती पाळण्यात वाकली. बाळाच्या कानात तोंड घालून म्हणाली, "कुर्रर्र!"

"कुईंईं!" पाळण्यातून उत्तर आलं.

"अगं बाई! बोलला!" आक्का हरखली. "कुर्रर्र! नाव ठेवलं रणजित!"

"कुईं! कुईं! कुईं! कुईं!"

रीतीप्रमाणं बायकांनी आक्काच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. आजी म्हणून सासूबाई कौतुकानं पुढं झाल्या. त्यांनी दुपटं बाजूला केलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "याला मिशा आहेत!"

मग त्या मटकन खाली बसल्या. मनू तेवढी टाळ्या पिटत ओरडली, "चिंगी आली! चिंगीला बाळं झाली!"

पाठोपाठ सगळ्या बायका, सासूबाईसुद्धा, गोठ्याकडं धावल्या आणि दारावर धडाधड थापा पडू लागल्या. "अहो!" रंजनाचा आवाज होता. "बाळ कुठाय?"

"इकडं आहे. आप्पांच्या मांडीवर. झोपलाय," सावळारामनं आतून सांगितलं.

"तिकडं कशाला नेलं?"

"नर आहे ना तो. डॉक्टर म्हणाले, नर वेगळे काढा."

आप्पांनी बाळाकडं पाहिलं, पुढ्यातल्या गवताकडं पाहिलं, बंड्याकडं पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरू लागल्या.

"रंजे!" ते गरजले. "सामान बांध! या माणसाला आजच्या आज घरी घेऊन जा! पोरांना ने, उंदरांना ने, पण याला पुन्हा माझ्या दारात एकटा सोडू नकोस!"

रंजना परत येणार! सावळारामला आनंदानं हुंदकाच फुटला. त्यानं बंड्याला छातीशी धरलं.

"आता उघडा की कडी!" रंजना बाहेरून म्हणाली. रागानं म्हणायचं होतं, पण तिला हसू आवरत नव्हतं.

"उघडतो," सावळाराम डोळे पुसत म्हणाला. "पण आधी सासूबाईंना लांब न्या. आप्पांना सहा झाल्या, तेव्हा कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं."